दीड वाजून चार सेकंद

१

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तपासणीच्या मांडणीवर एकेचाळीस नग होते: तेवीस दिवे, नऊ गणपती, सहा नटराज, तीन कृष्ण. मी दोनदा मोजले, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. तपासणारे तोंडी सांगतील ते टिपणाऱ्या कृष्णमूर्तिमामांच्या वहीतही बुधवार संपताना एकेचाळीसच नग होते. बेरीज जुळत होती. तरीही चंद्रमौळी स्थपती मांडणीसमोरून हलत नव्हते, कारण वहीत दिवे बावीस होते आणि उमा एक.

उमा मांडणीवर नव्हती.

दोन फूट उंच, वजन एकतीस किलो चारशे ग्रॅम. तोलली मीच होती. चंद्रमौळींनी ती चार महिने मेणात घडवली होती. आमच्या कामात मेण वितळून वाहून जातं, त्याच्या जागी काशाचा रस ओततात, आणि मातीचा साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही. त्यामुळे दुसरी काढायची सोय नसते. एक मूर्ती म्हणजे एकच.

कारखान्याचे मालक व्यंकोबाराव आले आणि उभ्याउभ्याच त्यांनी संगणकावर नग क्रमांक सतरा उघडला. पडद्यावर लिहिलं होतं: उमा. वितळवा. तपासणी: भवानी. बुधवार, १३:३०:०४.

बाद ठरलेले नग रोज दुपारी दोनच्या गाडीने कुंभकोणमहून स्वामीमलैच्या भट्टीवर जातात. बुधवारी पाच गेले होते.

"सेतूला फोन करा," कृष्णमूर्तिमामा म्हणाले. "भट्टी त्याची. अजून पेटवली नसेल."

"केला," राव म्हणाले. "काल चार वाजताच वितळवून ओतली त्याने."

चंद्रमौळी तिथेच खाली बसले. शेडमधल्या सगळ्यांनी भवानीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, हातात जेवणाचा डबा तसाच.

"मी पास केलें," भवानी इकडच्या घरांतल्या जुन्या मराठीत म्हणाली. "रावमामा, देवाशपथ. उमा मी पास केलें."

२

ती खरं बोलत होती. अडचण अशी की पडद्यावरची नोंदही खोटी म्हणता येत नव्हती. नग सतराच्या पानावर दोन ओळी होत्या. पहिली: पास, भवानी, १३:३०:०४. दुसरी: वितळवा, भवानी, १३:३०:०४. शेवटची ओळ ग्राह्य, असा आमचा नियम.

"पास दाबलंस, मग मन फिरलं," राव म्हणाले. "का फिरलं तेही सांगू? तुझ्या अप्पांनी घडवलेली उमा याच गिऱ्हाइकाने गेल्या वर्षी परत पाठवली. चंद्रमौळीची मात्र बघताच पसंत. पोटात दुखलं."

"अप्पांस मध्यें आणूं नका," भवानी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण डबा तिने जोरात ठेवला.

पोटात दुखणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. माझ्याकडे धातूतली पोकळी शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र आहे, आणि एका मूर्तीला ते फिरवायला मला चाळीस मिनिटं लागतात. भवानी दहावी शिकलेली. ती नखाने टिचकी मारते, कान लावते आणि सांगते, "डाव्या गुडघ्याखाली." तीन वर्षांत मी तिच्या एकशे बारा टिचक्या यंत्राने पडताळल्या. ती चारदा चुकली. गिऱ्हाईक मात्र माझे आकडे फाईलमध्ये लावतं आणि विचारतं, "भवानीअम्मांनी पाहिलं ना?"

शुक्रवारी तपासणीप्रमुखाचं नाव जाहीर व्हायचं होतं. नावं दोनच होती, तिचं आणि माझं.

राव मला बाजूला घेऊन म्हणाले, "विद्या, त्या संगणकाच्या पोटात काय काय लिहिलेलं असतं ते तुलाच वाचता येतं. नीट वाच आणि लिहून दे. उद्या तिच्या हातात पत्र ठेवतो."

"किती वाजता?"

"साडेदहा ते बारा राहुकाळ. बाराला."

"काढून टाकायलाही राहुकाळ बघायचा, राव?"

"राहूत केलेलं काम पुन्हा पुन्हा करावं लागतं म्हणतात. मला पुन्हा कोणाला काढायचं नाही."

संगणकाची प्रणाली माझ्याकडे कशी आली तेही सांगायला हवं. ती जावा या संगणकाच्या भाषेत आहे आणि मुळात अश्विनने लिहिलेली. तो पुढे चेन्नईला गेला. काम कोण करतंय आणि कोणत्या नगावर, ही माहिती त्याच्या लिखाणात एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे अशी अकरा हातांतून जायची. मला ते गबाळं वाटे. राव मात्र सारखे "अश्विनचं काम बघ" म्हणत. म्हणून पाच महिन्यांपूर्वी मी 'सहायक' नावाचा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक वेगळा भाग, लिहिला. ती माहिती एका ठिकाणी ठेवली. ज्याला हवी त्याने सहायकाला विचारावं. सहाशे चाळीस ओळींच्या दोनशे दहा झाल्या. एक पूर्ण दुपार बसून मी तो चारशे वेळा तपासला आणि चारशेही वेळा उत्तर बरोबर आलं. त्यानंतर अश्विनचं नाव शेडमध्ये कमी ऐकू येऊ लागलं.

३

पडद्यावर वेळ सेकंदापर्यंतच दिसते. आतल्या लॉगमध्ये ती सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत असते. मी तो उघडला.

पास: चार सेकंद, दोनशे अकरा.
वितळवा: चार सेकंद, दोनशे एकोणीस.

दोन नोंदींत सेकंदाच्या आठ हजारांश इतकं अंतर होतं.

'वितळवा' दाबलं की तपासणाऱ्याच्या हातातला टॅब विचारतो, "नक्की?" मग 'हो' दाबावं लागतं. मी रिकामा टॅब घेतला आणि 'पास' पासून 'हो' पर्यंत किती लवकर पोचता येतं ते दहा वेळा मोजलं. सगळ्यात कमी वेळ शहाण्णव शतांश सेकंद निघाला. भवानीचा अंगठा माझ्यापेक्षा शंभरपट चपळ असेल, असं मानायला माझं मन त्या दिवशीही तयार नव्हतं.

म्हणजे हे एका माणसाचं काम नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी लॉग पुन्हा वाचला, आकडा वाचण्यात चूक झाली असेल म्हणून. चूक नव्हती.

सर्व्हरच्या, म्हणजे सगळे टॅब ज्याला जोडलेत त्या संगणकाच्या, दाराशी आणखी एक नोंद असते. कोणत्या टॅबवरून हाक आली, एवढंच ती लिहिते. हाक कोणी दिली आणि कशासाठी, ते लिहीत नाही. दीड वाजून चार सेकंदांनी दोन हाका आल्या होत्या. एक टॅब दोनवरून. तो भवानीचा.

दुसरी टॅब पाचवरून. तो प्रवीणकुमारचा.

४

प्रवीणकुमार दिवे तपासतो. गेल्या दिवाळीत त्याने पास केलेले नऊ दिवे भवानीने सगळ्यांसमोर परत काढले होते. तेव्हापासून तो तिला "जज्जम्मा" म्हणतो, तिच्या पाठीमागे.

"काल दीड वाजता तू काय दाबलंस?" मी विचारलं.

"वितळवा. दिवा अठ्ठ्याऐंशी. बुडाला चीर होती."

"आणि उमा?"

"उमेला मी हात लावीन, अक्का? माझ्या टॅबवर मूर्ती येतच नाहीत. फक्त दिवे येतात. तूच तसं करून ठेवलंयस."

तेही खरं होतं. मी मांडणीकडे गेले. तेविसावा दिवा खालच्या फळीवर, मागे होता. उलटा केला. क्रमांक अठ्ठ्याऐंशी, आणि बुडाला केसाएवढी चीर. संगणकात त्याच्या पानावर बुधवारची एकही ओळ नव्हती. दिवा बाद झाला नव्हता, पासही नव्हता.

"बघ," प्रवीणकुमार म्हणाला. "मी दाबलं आणि लागलं नाही. माझं नशीबच तसं. ती जज्जम्मा एकदा दाबते तर दोनदा लागतं."

"तुझ्या टॅबवरून तिचं नाव गेलं, प्रवीण. तिच्या नावाने तू आत शिरला होतास?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने शेडच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"सगळ्यांचे पासवर्ड कोणाकडे असतात, अक्का?"

"माझ्याकडे."

"प्रमुख व्हायचंय कोणाला?"

मी दिवा परत फळीवर ठेवला.

"मी म्हणत नाही," प्रवीणकुमार म्हणाला. "पण सकाळपासून सगळे हेच म्हणतायत. आणि पहिल्यांदा भवानीअक्का म्हणाली."

५

स्वामीमलैला बस पंचवीस मिनिटांत पोचते. सेतू भट्टीशेजारी राख चाळत होता. त्याच्याशी मी तमिळमध्येच बोलले.

"उमा आली तेव्हा तू पाहिलीस?"

"पाहिली. डोळे नाहीत काय मला?"

"कशी होती?"

सेतूने चाळण खाली ठेवली. "उजवा हात बघितला. बोटांत फूल धरतात ना, तसा. पंधरा वर्षं मी हात घडवतोय, मला तसा जमला नाही."

"आणि तरी वितळवलीस? फोन नाही केलास?"

"चिठ्ठीवर नाव कोणाचं होतं? भवानीचं. दुसरं कोणाचंही असतं तर केला असता फोन. तिने बाद म्हटलं म्हणजे आत काहीतरी असणार, जे आपल्या कानाला ऐकू येत नाही." तो थांबला. "आणि खोटं कशाला बोलू, श्रीविद्या. मूर्ती चंद्रमौळीची होती. बाद झाली म्हणून मला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटलं."

त्याने चिठ्ठी दाखवली. पाच ओळी होत्या: तीन दिवे, एक गणपती, उमा. वहीप्रमाणे हवे होते चार दिवे आणि एक गणपती. एक दिवा राहिला आणि त्याच्या जागी उमा गेली. पासवर्ड चोरणाऱ्याला उमा नाहीशी करायची असती तर त्याने ती सहावी ओळ म्हणून घातली असती. दिवा वाचवून त्याला काय मिळणार होतं?

परतीच्या बसमध्ये मी दिवसभराच्या गोष्टी क्रमाने लिहिल्या. प्रवीणने 'वितळवा' दाबलं. ते लागलं, पण दिव्याला नाही, उमेला. आणि त्याच्या नावाने नाही, भवानीच्या. कृती त्याची राहिली. नाव आणि नग तेवढे बदलले.

नाव आणि नग. हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिल्यावर मला सहायक आठवला: तो एका ठिकाणी ठेवतो ती माहिती हीच.

घरी न जाता मी ऑफिसात गेले आणि पाच महिन्यांच्या नोंदी चाळायला प्रोग्राम लावला: एकाच नगावर, एकाच नावाने, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत दोन ओळी. असे प्रसंग किती?

उमा धरून पाच.

६

पाचही वेळा एका कागदावर लिहून मी शुक्रवारी सकाळी दहा वाजता भवानीकडे गेले. ती मागच्या अंगणात नळाशी हात धूत होती. अजून कोणी तिला काम करू नको म्हटलं नव्हतं, पण तिच्यापुढे कोणी मूर्तीही ठेवली नव्हती.

"पासवर्ड मी वापरला असं तू म्हणालीस?"

"म्हणालें." तिने पदराला हात पुसले. "तू नाही तर कोण? तीन वर्षें माझ्या मागून ती यंत्राची पेटी फिरवतेस. मी टिचकी मारलें की तू पेटी लावतेस. मजला दिसत नाही होय?"

"ते पडताळणं असतं, अक्का."

"कोणाचं पडताळणं गो? चंद्रमौळीचं कधी पडताळलंस? सेतूचं? फक्त माझंच." मग ती जरा कडवट हसली. "किती वेळा चुकलें?"

"चारदा."

"तीनदा. गेल्या आषाढांतल्या त्या कृष्णास तुझी पेटी चुकली. कापून बघितलें मामांनीं. तुला सांगितलें नाहीं, तुला वाईट वाटेल म्हणोन."

मला हे खरंच माहीत नव्हतं. मी कागद पुढे केला.

"असं पाचदा झालंय. उमेच्या आधी चारदा. नोंदी 'पास'च्या होत्या म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दर वेळी एक नग तसाच राहिला आणि आपण म्हटलं, दाबायचा विसरला असेल. वेळांत काही सूत्र आहे का ते मला सापडत नाही. दिवस वेगळे, माणसं वेगळी."

भवानीने कागद हातातही घेतला नाही. मान वाकडी करून वाचला. सोमवार, नऊ वाजून दोन सेकंद. मंगळवार, साडेचार वाजून सात सेकंद. शनिवार, साडेदहा वाजून एक सेकंद. पुन्हा सोमवार, नऊ वाजून पाच सेकंद. बुधवार, दीड वाजून चार सेकंद.

"अय्यो," ती म्हणाली. "एम्मेस्सी केलीस आणि हें कळेना? राहू सुटायच्या वेळा ह्या."

मी कागद परत वाचला.

आमच्या शेडमध्ये रोज वेगळ्या वेळी येणाऱ्या राहुकाळात कोणी पासही करत नाही, बादही करत नाही. तिरुनागेश्वरमचं राहूचं देऊळ बसने वीस मिनिटांवर, इथे कोणाला सांगावं लागत नाही. त्या दीड तासात सगळे नग बघून ठेवतात. शेवटचा नग टॅबवर उघडून, बोट उचलून बसतात. कृष्णमूर्तिमामा घड्याळाकडे बघत "सुटला!" म्हणतात.

आणि सहाच्या सहा जण एकदम दाबतात.

७

सहायक क्लास उघडून दुसरी ओळ वाचायला मला चार सेकंद लागले असतील. ती ओळ मीच लिहिली होती. 'स्टॅटिक' या शब्दाने सुरू होत होती. म्हणजे सगळ्या प्रणालीत मिळून ती जागा एकच.

सर्व्हर एका वेळी एकाच माणसाचं काम करत बसत नाही. त्याच्याकडे आठ कामकरी असतात, त्यांना थ्रेड म्हणतात, आणि ते एकाच वेळी आठ जणांचं काम करतात. अश्विनच्या लिखाणात प्रत्येक कामकऱ्याच्या हातात त्याच्या माणसाची चिठ्ठी होती. अकरा हातांतून जायची ती हीच. मी आठही चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि भिंतीवर एक पाटी लावली. मी तपासलं तेव्हा शेडमध्ये मी एकटी होते. चारशे वेळा पाटीवर माझंच नाव लिहिलं आणि चारशे वेळा माझंच वाचलं.

साडेदहा वाजले. राहुकाळ लागला. माझ्याकडे दीड तास होता.

सहा टॅबांच्या हाका एकदम देणारा छोटा प्रोग्राम लावला. आधी पाटीला कुलूप घालून पाहिलं, एकाचं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. चूक गेली, पण सहावा माणूस ताटकळत राहू लागला. मग प्रत्येक थ्रेडला स्वतःची पाटी दिली. तरी एक चूक राहिली. गाडीची चिठ्ठी छापण्याच्या कामात पाटीवर नाव लिहायचं नसतं, आणि तिथे त्याच थ्रेडने आधी ज्याचं काम केलं होतं त्याचं नाव उमटलं. पाटी पुसायची राहत होती. काम नीट होवो की मध्येच मोडो, शेवटी पाटी पुसायचीच, अशी चार ओळींची भर घातली. अकरा वाजून दहा मिनिटांनी नवा सहायक सर्व्हरवर चढला.

त्यानंतर वीस मिनिटं मी काही केलं नाही.

चूक आता उरली नव्हती. पुन्हा कधी दिसणार नव्हती. लॉग वाचता येणारी मी एकटी. "दोन्ही नोंदी भवानीच्या नावाने आहेत" हे वाक्य मी लिहून दिलं असतं तर त्यात एक शब्दही खोटा नव्हता. बारा वाजता ती गेली असती, आणि उरलेलं नाव एकच होतं.

माझी पेटी चुकली होती हे तिने वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्याचाही राग आला. आधी त्याचाच आला.

साडेअकराला मी नवा सहायक बाजूला ठेवला आणि चूक सगळ्यांना दाखवता यावी म्हणून जुना परत चढवला.

८

"म्हणजे कोणी केलं?" राव तिसऱ्यांदा म्हणाले. त्यांच्या खिशातून पत्राचं टोक दिसत होतं.

सगळे मधल्या अंगणात जमले होते. बाराला बारा मिनिटं होती.

"फाटकाशी एकच पाटी आहे असं समजा," मी म्हणाले. "प्रवीण आला, त्याने लिहिलं: प्रवीणकुमार, दिवा अठ्ठ्याऐंशी. आणि 'वितळवा'चा शिक्का आणायला आत गेला. तेवढ्यात भवानीअक्का आली. तिने पाटी पुसून लिहिलं: भवानी, उमा. आपला 'पास'चा शिक्का मारला. मग प्रवीण शिक्का घेऊन परत आला. त्याने पाटी वाचली."

"आणि उमेवर मारला," चंद्रमौळी म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदा बोलले.

"आत जाऊन यायला वेळ किती लागतो?" राव म्हणाले.

"सेकंदाचा पन्नासावा भाग."

"एवढ्यात कोण येणार मध्ये?"

"एरवी कोणी नाही. पण आपण सगळे एकदम येतो. मामा 'सुटला' म्हणतात तेव्हा."

कृष्णमूर्तिमामांनी दोन्ही हात कानांना लावले. "माझ्यावर नको हं टाकू. राहूवर टाक हवं तर."

"राहूवरही नाही, मामा. तुम्ही कधीपासून 'सुटला' म्हणताय?"

"बावीस वर्षं."

"टॅब आल्याला दोन झाली. हे पाच महिन्यांत झालं. पाटी मी लावली."

मग प्रवीणकुमार म्हणाला, "म्हणजे माझं नशीब वाईट नव्हतं," आणि दिव्यश्री नावाची पॅकिंगची मुलगी फिस्सकन हसली आणि तोंड दाबून उभी राहिली.

भवानी माझ्याकडे बघत होती. "पासवर्ड नाही चोरलास."

"नाही."

"चोरला असतास तर बरें होतें, विद्या. मग निदान मुद्दाम केलेंस असं म्हटलें असतें. हें काय? मला न बघतांच माझें नाव पुसून टाकलेंस."

"हो," मी म्हणाले.

राव म्हणाले, "गोष्ट छान सांगितलीस. पण मला पाटी दिसत नाही आणि शिक्काही दिसत नाही. एवढं मात्र दिसतं की तू हिला वाचवत्येस, किंवा स्वतःला. दाखवून दे. खरं निघालं तर तपासणीप्रमुख भवानी. तुझं काय करायचं ते मी त्यानंतर ठरवीन. खोटं निघालं तर बाराचं पत्र बाराला जाईल."

मी सहा खोटे नग उघडले होते, एक ते सहा, फक्त नोंदीपुरते. ज्याचा नग त्यानेच पास करायचा. सहा जण, सहा टॅब. मामांनी टाळी वाजवली की दाबायचं, पन्नास वेळा. भवानी म्हणाली की नोंदी तीच मोजणार, माझ्यावर तिचा विश्वास नाही. मी मान्य केलं.

"बारा झाल्याशिवाय कोणी बोट लावायचं नाही," मामा म्हणाले.

बारा वाजेपर्यंत आम्ही थांबलो. चंद्रमौळी उठून भवानीच्या मागे येऊन उभे राहिले. मामा घड्याळाकडे बघत होते. मग ते "सुटला" म्हणाले आणि त्यांनी पहिली टाळी वाजवली.

आधी नवा सहायक चढवून पन्नास टाळ्या झाल्या, मग जुना चढवून पन्नास. भवानीने प्रत्येक नोंद बोटाने खाली खाली जात वाचली. एका टाळीला एकाच नावाची आणि नगाची दुसरी ओळ दिसेल तिथे खडूने जमिनीवर रेघ ओढली. मग रेघा मोजल्या, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, आणि आकडे मला लिहायला सांगितले.

नवा सहायक: तीनशे वेळा दाबलं, चुकीच्या नोंदी शून्य.

जुना सहायक: तीनशे वेळा दाबलं, चुकीच्या नोंदी त्रेपन्न. त्यांतल्या भवानीच्या नावावर अकरा.